इन्शिराह पाण्यात उतरते

हाजी मुतवल्लींनी बोटीच्या टोकावरचं गोणपाट बाजूला केलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले.

निळ्या रंगावर पिवळ्या, वळणदार अक्षरांत नाव रंगवलेलं होतं. अक्षरं सुरेख होती. उस्ता बदीरच्या हातचं काम, त्यात खोट काढायला जागा नसते. पण नाव वाचलं आणि हाजींची कानशिलं तापली. ते त्यांच्या मोठ्या भावाच्या बायकोचं नाव होतं. भावाच्या निकाहात काझींनी ते एकदा उच्चारलं, तेव्हा मुतवल्लींनी ते ऐकलं होतं. त्यानंतर त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. नदीच्या मुखावरचं सारं बुर्ज गाव तिला उम्म वगीह म्हणतं, म्हणजे वगीहची आई. आमच्याकडे बाईला मुलगा झाला की तिचं स्वतःचं नाव घडी घालून पेटीत ठेवतात, आणि मेल्यावर कबरीवर लिहायलासुद्धा ते बाहेर काढतात की नाही याची खात्री नसते.

"हे काय लिहून ठेवलंयस?" हाजींनी विचारलं.

"शौकी कप्तानांनी सांगितलं तेच," बदीर म्हणाला. "मी पुन्हा पुन्हा विचारलं, हाजी. शेवटी ते माझ्यावरच खेकसले. लिहिताना मीच मान वळवून बघत होतो, कुणी येत तर नाही ना. म्हणून तर गोणपाट टाकलं."

"बाईचं नाव! बोटीवर! सगळ्या धक्क्यासमोर!"

"'राजकन्या' नावाच्या बोटी आहेत की आपल्याकडे," बदीर हळूच म्हणाला.

होत्या खऱ्या. पण त्यातली एकही राजकन्या कुणाची आई नव्हती. दुपारच्या नमाजानंतर बोट पाण्यात ढकलायची होती, सारं गाव गोळा होणार होतं, आणि दोरखंड ओढणाऱ्यांना आरोळी द्यायचा मान घरातला वडील माणूस म्हणून त्यांचाच होता. त्या आरोळीत बोटीचं नाव घ्यावं लागतं.

"निळ्या रंगाचा डबा घे," ते बदीरला म्हणाले, "आणि चल माझ्याबरोबर."

*

घरात पातेल्यांचा ढीग लागला होता. मार्चची एकवीस तारीख, आईचा दिवस, आणि आमच्याकडे आईवर किती प्रेम आहे हे पातेल्यांतच मोजतात. शेजारच्या पोरींनी, भाचरांनी, लिलावात बसणाऱ्या बायकांनी, ज्यांना ज्यांना उम्म वगीहनं कधी जेवू घातलं होतं त्या सगळ्यांनी काही ना काही आणलं होतं.

"एवढ्या पातेल्यांत मी काय शिजवू, सगळा समुद्र?" उम्म वगीह म्हणाली. ती चुलीपाशी बसून सय्यादियाचा, म्हणजे माशाच्या भाताचा, कांदा परतत होती. कांदा पार काळपट होईस्तोवर ती हलत नसे.

"तक्रार करू नकोस, आई," रावया म्हणाली. "आमचं खरं बक्षीस दुपारी."

रावया तिची मुलगी. दोघीही मासळीबाजारात लिलाव पुकारत. नवरा गेला तेव्हा आईनं आधी होडी घेऊन मंझला तलावावर जाळी टाकली होती. बाई होडीवर गेली म्हणून मासे रुसतील, असं तेव्हा म्हणणारे पुष्कळ होते. मासे काही रुसले नाहीत. मग ती बाजारात आली, टोपल्यांच्या मधोमध उभी राहिली आणि बोय माशाचा भाव अशा आवाजात पुकारला, की बोटीवरचे खलाशी वळून बघू लागले. साऱ्या बंदराला तो आवाज पाठ होता. रावयाला वाटे, आपल्याला जे काही येतं ते सगळं त्या आवाजातून आलंय. मान ताठ ठेवणं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून भाव सांगणं, आणि कुणी हसलं तर भाव आणखी वाढवून सांगणं. आणि एवढा आवाज असलेल्या बाईला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, याचा तिला लहानपणापासून राग होता. बोटीवर नाव घालायची कल्पना तिचीच. शौकी धाकटा भाऊ, त्याला राजी करायला तिला अख्खा हिवाळा लागला होता.

दार धाडकन उघडलं. हाजी आत आले, मागोमाग रंगाचा डबा घेतलेला उस्ता बदीर. हाजींची बायको चुलीपाशी जावेला मदत करत होती, ती घाईनं डोक्यावरचा रुमाल सारखा करत उठली.

"शौकी कुठाय?"

"हा काय इथे, काका," शौकी आतून आला. हाजींचा थोरला अश्रफही त्याच्याबरोबर होता. तो नव्या बोटीवर शौकीचा उजवा हात म्हणून जाणार होता, आणि बाकीचे खलाशीही हाजींच्याच घरचे.

"तुझ्या आईचं नाव तू बाजारात टांगलंस?"

चुलीवरचा कांदा तडतडला. उम्म वगीहनं मान वर केली. "माझं नाव? कुठे?"

"बोटीवर, आई," रावया म्हणाली. "तुला आज दाखवणार होतो. काकांनी सगळी मजा घालवली."

"मजा!" हाजी म्हणाले. "उद्या दोन खलाशी भांडतील आणि म्हणतील, अमकीला धक्का लागला, अमकीच्या बुडाला शेवाळ चढलंय, अमकी गळतेय. तोंडानं कुणाचं नाव घेतील? तुझ्या आईचं! ऐकवेल तुला, शौकी?"

शौकीचा चेहरा उतरला. काकांनी नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं होतं.

शाळेत असताना एका मुलाला कुठूनतरी त्याच्या आईचं नाव कळलं होतं. मधल्या सुट्टीत तो मुलगा ते नाव ओरडत मैदानभर पळाला आणि सगळे हसले. आमच्याकडच्या पोरांना याहून मोठी शिवी माहीत नसते. शौकीनं त्याचा दात पाडला आणि फाटक्या सदऱ्यानं घरी आला. आईनं विचारलं, काय म्हणाला तो मला? तो म्हणाला, तुझं नाव घेतलं. आईनं तो सदरा शिवायला घेतला. मग म्हणाली, नाव घेतलं म्हणून मारलंस? त्यात शिवी कुठली होती, बाळा? त्याला उत्तर सुचलं नव्हतं. आजही सुचत नव्हतं, पण लाज मात्र तेवढीच वाटत होती. ती लाज कुणाची, हेही त्याला धड सांगता आलं नसतं.

"काका, लोक हसतील ते हसतील," तो पुटपुटला.

"लोक हसतील आणि माझी पोरं त्यात बसतील? नाही बसणार. अश्रफ, ऐकलंस?"

अश्रफनं मान खाली घातली. तो बापापुढे कधीच बोलत नसे.

"धमकी देताय, काका?" रावया पुढे झाली. "आईनं होडी चालवली तेव्हा तुम्हाला लाज वाटली. आईनं लिलाव केला तेव्हा लाज वाटली. तिनं आणलेले मासे खाताना तेवढी वाटली नाही कधी!"

"रावया!" काकू म्हणाली.

"राहू दे," उम्म वगीह शांतपणे म्हणाली. तिनं पातेलं चुलीवरून उतरवलं. "माझ्यावरून घरात तमाशा नको. बदीर, पुसून टाक बाबा. मला काही नावाची हौस नाही. तुम्ही दोघांनी मनात आणलंत, तेवढं पुरे झालं मला."

"आई!"

"पुरे म्हटलं ना."

हाजी खाली बसले. राग उतरला की ते एकदम म्हातारे दिसत. ते तसबीहचे मणी फिरवू लागले. मग म्हणाले, "मी काही दुष्ट नाही. मी सकाळपासून मनात धरून बसलो होतो की गोणपाटाखाली वगीहचं नाव असेल. मला वाटलं, पोरांनी बरोबर ओळखलं. तेच लिहा. वगीह. ती आरोळी मी स्वतः देईन, सगळ्यांत मोठ्यानं देईन. त्याला कोण नाही म्हणेल?"

कुणीच नाही म्हणण्यासारखं नव्हतं. वगीह हाजींच्याच बोटीवर होता. नव्वा म्हणतात त्या हिवाळी वादळात ती बोट उलटली, हाजी एका फळीला धरून परत आले, तो आला नाही. त्यानंतर या घरात त्यावर कुणी कुणाला बोल लावला नव्हता, आणि हाजींनी पुन्हा समुद्रावर पाऊल ठेवलं नव्हतं. काकू डोळे पुसू लागली. शौकीला तर सुटल्यासारखंच झालं.

"वगीह चांगलं नाव आहे," तो म्हणाला. "आई, वगीहच ठेवू या. बदीर—"

"नाही."

उम्म वगीह उभी राहिली होती. आवाज चढवलेला नव्हता, तरी बदीरनं हातातला डबा खाली ठेवला.

"नाही," ती पुन्हा म्हणाली. "रोज सकाळी दूधवाला दाराशी येऊन हाक मारतो, उम्म वगीह. बाजारात गेलं की उम्म वगीह. मशिदीसमोरून गेलं की सलाम, उम्म वगीह. दिवसातून शंभरदा लोक मला माझ्या पोराच्या नावानं हाक मारतात आणि शंभरदा मी मनात मागे वळून बघते, आला की काय. मी कधी कुणाला बोलले? नाही बोलले. त्याचं नाव माझ्याजवळ राहतं म्हणून सोसलं. पण ते नाव मी पुन्हा समुद्रावर पाठवणार नाही."

"वहिनी, मी तर प्रेमानं—"

"प्रेमानंच म्हणालात, कळतं मला. आता पुढचं ऐका. बोट रोज जाणार. संध्याकाळी धक्क्यावर कुणीतरी विचारणार, वगीह आला का? आणि कुणीतरी म्हणणार, नाही, वगीह अजून आला नाही. रोज, भाऊजी! मी तिथे टोपल्या घेऊन उभी असणार. ऐकवेल मला? तुम्हाला ऐकवेल?"

हाजींच्या हातातले मणी थांबले.

"तुम्ही लाजेचं बोललात," ती म्हणाली. "माझ्या अब्बांनी हे नाव ठेवलं. मी झाले तेव्हा त्यांची छाती मोकळी झाली, तोच या नावाचा अर्थ, म्हणून ठेवलं. त्या नावात मी चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही. त्याच नावानं तुमच्या भावानं मला या घरात आणलं. मघाशी मी पुसून टाक म्हणाले, ते सवयीनं म्हणाले. मागे सरकायची सवय लागते बाईला. ती मोडते आता. बदीर, जे लिहिलंयस ते तसंच राहील."

"मग आरोळी मी देणार नाही," हाजी उठले. "बकऱ्याच्या रक्तात हात बुडवणार नाही. माझी पोरं दोराला शिवणार नाहीत. बघू कशी उतरते."

"उतरेल," उम्म वगीह म्हणाली. "जेवून जा. भात झालाय."

ते जेवले नाहीत. अश्रफ दारात घुटमळला, शौकीकडे एकदा बघितलं आणि बापामागोमाग गेला.

*

दुपारी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी केव्हाच घरोघर पोचली होती. बोट उतारावर ओंडक्यांवर उभी होती, टोकावर रंगीत पताका, आणि पिवळी अक्षरं उघडी. वाचता येणारे वाचत होते आणि न येणाऱ्यांना कानात सांगत होते. नाव मोठ्यानं मात्र कुणी घेत नव्हतं.

हाजी मुतवल्ली बाजूला एका पालथ्या पेटीवर बसले होते. त्यांची पोरं त्यांच्यामागे हाताची घडी घालून उभी होती. दोरखंडांची टोकं उतारावर मोकळी पडली होती. शेजारचे चार-सहा जण पुढे आले होते, पण तेवढ्यांनी एवढी बोट हलणार नव्हती, आणि हाजींना दुखवून बाकी कुणी पुढे येईना.

बायकांच्या घोळक्यात हाजींची बायको उभी होती. तिचं सगळं लक्ष जावेकडे होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला माशाची आतडी काढता येत नव्हती, ते या जावेनं शिकवलं होतं. बाळंतपणात अश्रफ आडवा आला तेव्हा रात्रभर हात धरून बसली होती तीही हीच. आणि वगीह गेला त्या आठवड्यात, स्वतःचं मूल गेलेलं असताना, हाजींनी अन्न सोडलं म्हणून ताट घेऊन आली होती. आपण तिला कधी नावानं हाक मारली का? काकूला आठवेना. बायकाबायकांतसुद्धा उम्म वगीह, उम्म अश्रफ.

खाटकानं बिस्मिल्ला म्हणून बकरा कापला. आता घरच्या वडीलधाऱ्यानं पंजा रक्तात बुडवून बोटीवर उमटवायचा. सगळ्यांच्या माना पालथ्या पेटीकडे वळल्या. हाजी हलले नाहीत.

उम्म वगीह गर्दीतून चालत पुढे गेली. पुरुषांनी वाट दिली, कारण न द्यावी तर ती त्यांच्या अंगावरूनच गेली असती. तिनं बाही वर सारली, पंजा रक्तात बुडवला आणि बोटीच्या टोकावर, स्वतःच्या नावाच्या बरोबर खाली, पाची बोटं पसरून दाबला. मग हात तसाच लाल ठेवून ती वळून उभी राहिली, शौकीकडे बघत.

शौकी दोराच्या टोकाशी होता. आरोळी आता त्यानंच द्यायची होती. त्यानं तोंड उघडलं. समोर सगळं बंदर, त्यात शाळेतले सोबती, ज्याचा दात पाडला तोही, आता दोन मुलांचा बाप. एखादा तरी हसणार याची तो वाट बघत होता. मग त्याला आईचा तो प्रश्न आठवला. त्यात शिवी कुठली होती, बाळा? आणि इतक्या वर्षांनी त्याला उत्तर मिळालं. शिवी नव्हतीच. आपणच ती शिवी करून ठेवली, आपण लाजलो म्हणून. त्याला स्वतःचाच संताप आला.

"हेला होप!" तो ओरडला. "इन्शिराह! माझी आई इन्शिराह!"

कुणी हसलं नाही, पण प्रतिसादही कुणी दिला नाही. आरोळीला गर्दीनं तेच नाव घेऊन उत्तर द्यायचं असतं, त्याशिवाय दोर ताणत नाहीत.

"इन्शिराह!" बायकांच्या घोळक्यातून रावयाचा लिलावाचा आवाज आला. तिनं एकटीनं उत्तर देऊन चालणार नव्हतं. ती घरचीच होती.

"हेला होप!" शौकी पुन्हा ओरडला, गळ्याच्या शिरा ताणून. "इन्शिराह!"

"इन्शिराह!" या वेळी दुसरा आवाज आला, चिरका, सवय नसलेला. हाजींची बायको पुढे आली होती. ती थेट नवऱ्याच्या पेटीपाशी गेली, त्यांच्याकडे न बघता मुलासमोर उभी राहिली.

"अश्रफ, दोर धर."

"आई, अब्बा—"

"तुझ्या अब्बांना मी बघते. तू जन्माला आलास तेव्हा तुला आधी हातात कुणी घेतलं, माहीत आहे? तिनं. दोर धर. आणि एक सांग, तुझ्या आईचं नाव काय?"

अश्रफ लाल झाला. आजूबाजूला सगळे ऐकत होते.

"करिमान," तो हळू म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"करिमान!"

"नाव घेऊन मेलास का? नाहीस ना? जा मग."

अश्रफ गेला. त्याचे भाऊ बापाकडे बघत क्षणभर थांबले आणि त्याच्यामागून गेले. त्यांच्या मागून इतर गेले. ज्याचा दात पडला होता तोही बाह्या सारून दोराला लागला. शौकीनं तिसऱ्यांदा आरोळी दिली तेव्हा उत्तर साऱ्या धक्क्यातून आलं, बायका, पुरुष, सगळ्यांचं मिळून. ओंडके कुरकुरले, दोर ताणले, आणि बोट आधी जराशी आणि मग एकदम घसरत पाण्यात गेली. बायकांनी जिभा नाचवत आनंदाची अशी झगरूट घातली की पलीकडच्या काठावरचे लोक बाहेर आले.

इन्शिराहनं तोंडाला रुमालाचं टोक लावलं नाही. ती सगळ्यांसमोर रडली, आणि रडताना हसत होती.

*

शौकी आणि पोरं बोट नदीच्या मुखाबाहेर एक फेरी मारायला घेऊन गेली. गर्दी पांगली. रावया आणि काकू भाताची पातेली धक्क्यावरच घेऊन आल्या. त्या नव्या पातेल्यांचा शेवटी उपयोग झाला. हाजी मुतवल्ली मात्र त्या पालथ्या पेटीवरून उठले नव्हते. कुणी त्यांना हाक मारली नाही आणि ते घरीही गेले नाहीत.

उन्हं कलली. वारा सुटला होता, फार नव्हे, पण समुद्राच्या बाजूनं. इन्शिराहनं एक ताट भरलं आणि त्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. मग तिथेच उभी राहून पाण्याकडे बघू लागली. हाताच्या रेघांत अजून रक्त सुकलेलं होतं.

हाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. लांबचं त्यांना धूसर दिसे. ते सारखे मान पुढे काढून मुखाकडे बघत होते, आणि तसबीहचे मणी भराभर फिरत होते. त्यांचे तीन मुलगे त्या बोटीवर होते, आणि शौकी. अंधार पडायला लागला की हा माणूस गेली कित्येक वर्षं धक्क्यावर थांबत नसे. आज थांबला होता.

"बोट आली का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कुठली?" इन्शिराह म्हणाली. "धक्क्यावर पुष्कळ बोटी येतात, भाऊजी. नाव घेऊन विचारा."

हाजींनी ताटाकडे बघितलं, भात थंड होत चालला होता. मागे करिमान काहीतरी बोलता बोलता थांबली. लांब मुखापाशी एक दिवा हलत होता, तो इन्शिराहला दिसत होता आणि त्यांना दिसत नव्हता. तिनं सांगितलं नाही. ती थांबली.

"इन्शिराह," म्हातारा घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि मग परत, जरा मोठ्यानं, "इन्शिराह आली का?"

"आली," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन आली. आता जेवा."